आधी तो मांडीवरून खाली ठेव

आधी तो लॅपटॉप मांडीवरून खाली ठेव बघू. उशीवर नको, गादीवरही नको. टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर पाटावर ठेव. हं, आता बोलू.

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला. पंखा घरघरतोय, कीबोर्डवर बोट ठेववत नाही, ऐन मीटिंगमध्ये सगळं गोठतं आणि साहेब विचारतात, "मॅडम, आवाज येतोय का?" वर सल्ले देणारे काही कमी नाहीत. भाऊ म्हणतो कूलिंग पॅड घे, दुकानदार म्हणतो नवाच घेऊन टाका, मैत्रीण म्हणते फॉरमॅट मार. आणि तू बसली आहेस नागपुरात, मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब. कुणालाही रडू येईल गं. पण खरं सांगू का, यातलं बरंचसं पैसा न खर्चता होतं आणि ते तुला सहज जमण्यासारखं आहे. कूलरची मोटर बसवायला आलेल्या माणसाच्या चुका काढणारी तू, एवढ्याशा यंत्राला कशाला घाबरतेस?

तापला म्हणजे बिघडला, हे आधी डोक्यातून काढून टाक. लॅपटॉप जी वीज खातो तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती व्हायचीच. प्रश्न एवढाच की ती बाहेर पडते की आतच कोंडते. नुसता चालू ठेवला असेल तेव्हा आतली चिप साधारण ४० ते ५५ अंशांवर असते. व्हिडिओ कॉल, मोठी एक्सेल शीट, दहा टॅब असं सगळं चालू असलं की ६० ते ८०. अगदी जड काम असेल तर थोडा वेळ ९० च्या वरही जाते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेक चिपची शेवटची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचली की ती आपणहून वेग कमी करते. तुझी मीटिंग गोठते ती बहुतेक याचमुळे. वेग कमी करूनही भागलं नाही तर लॅपटॉप स्वतःला बंद करतो. म्हणजे बघ, स्वतःची काळजी घ्यायची अक्कल त्याला आहे. आपण फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही.

आता हाताला चटका बसला की आपण "बाप रे, फार तापलाय" म्हणतो, पण हाताचा अंदाज इथे फसवा. बाहेरचं ॲल्युमिनियम गरम लागणं म्हणजे कधीकधी उष्णता नीट बाहेर येत असल्याचंही लक्षण असतं. म्हणून आकडा बघ. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो ही फुकटची सॉफ्टवेअर आहेत, ती त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवून घे. कुठल्या तरी "फ्री डाउनलोड"च्या हिरव्या बटणावर टिचकी मारलीस तर तापमानाऐवजी दुसरंच दुखणं मागे लागेल. सकाळी सातला एकदा आकडा बघ, दुपारी तीनला एकदा बघ, मीटिंग चालू असताना एकदा बघ. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेव. आणि मग मी सांगते त्यातली एका वेळी एकच गोष्ट बदल. सगळं एका दिवशी केलंस तर कशानं फरक पडला ते कळणारच नाही, आणि तू उगीच मला श्रेय देशील.

सगळ्यात आधी खोलीचं बोलू, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नाही. ॲपलसारख्या कंपन्या स्पष्ट लिहितात की लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानाच्या जागेत वापरावा. आता मला सांग, नवतपा लागला की तुझ्याकडे बाहेर ४४-४५ अंश, आणि स्लॅबखालच्या खोलीत संध्याकाळीसुद्धा ३८-३९. म्हणजे तू मशीन सुरू करायच्या आधीच कंपनीनं आखलेली रेघ ओलांडलेली असते. यात तुझी चूक नाही आणि त्या बिचाऱ्या लॅपटॉपचीही नाही.

"पण मी पंखा लावते ना," असं म्हणशील. बघ, पंख्यानं आपल्याला गार वाटतं कारण आपल्याला घाम येतो आणि तो उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. लॅपटॉपला घाम येत नाही. पंखा त्याच्याभोवतीची हवा फक्त हलवतो, आणि ती हवा ४० अंशांची असेल तर लॅपटॉप ४० च्या खाली कधीच येणार नाही. उलट आतली चिप हवेपेक्षा कायम अमुक इतके अंश वरच राहणार. खोली पाच अंशांनी उतरली की आतला आकडाही साधारण तेवढाच उतरतो. म्हणून खोली उतरवणं हा सगळ्यात मोठा उपाय. एसी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पश्चिमेच्या भिंतीपासून टेबल हलव, दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा निदान जाड चादर लाव, आणि जड कामं सकाळी उरकून घे. मोठी फाइल एक्सपोर्ट करायची असेल, महिन्याचा रिपोर्ट चालवायचा असेल तर तो पहाटेच्या चहाबरोबर चालव. दुपारी दोन ते पाच ईमेल आणि फोन. घरी मिरच्या वाळवताना आपण ऊन बघतोच ना, तसं हेही वेळ बघूनच करायचं काम आहे.

विदर्भात कूलर हा खरा तारणहार आहे, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याचं बाष्प होताना खोली चांगली गार होते. तो खुशाल लाव. फक्त लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नकोस. कूलरमधून बारीक तुषार येतात, आणि आपल्याकडचं पाणी जड. वाळलं की पांढरे क्षार उरतात. ते कूलरच्या जाळीवर दिसतात तसे लॅपटॉपच्या आत कुणाला हवेत? झोत भिंतीकडे वळव, खिडकी थोडी उघडी ठेव, आणि तू बाजूला बस. कोकणात किंवा मुंबईत असतीस तर हा सल्ला दिला नसता. तिथे आधीच हवेत इतकी ओल असते की कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो.

आणि हो, ओला नॅपकिन, बर्फाची पिशवी, फ्रीज, यातलं काहीही नको. हसू नकोस, लोक करतात. मी स्वतः एकदा गुडघ्याला लावायची जेलची थंड पिशवी टॉवेलात गुंडाळून खाली सरकवली होती. मोठ्या कौतुकानं नवऱ्याला दाखवलं, आणि थोड्या वेळानं टॉवेल ओलाचिंब! हवेतलं बाष्प गार वस्तूवर पाणी होऊन बसतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं. लॅपटॉपच्या आत ते सर्किटवर बसलं तर संपलंच. नशीब, माझं टेबलक्लॉथवर निभावलं.

आता हवेची वाट. हे नीट ऐक, कारण निम्मी भानगड इथेच असते.

बहुतेक लॅपटॉप पोटाखालून हवा आत घेतात आणि मागून, बिजागरीच्या फटीतून किंवा कडेनं गरम हवा बाहेर टाकतात. तुझा उलटा करून बघ, खाली जाळीसारख्या चिरा दिसतील. आत तांब्याची चपटी नळी असते. तिच्यात अगदी थोडं पाणी भरलेलं असतं आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला वाफेचं परत पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पुन्हा चिपकडे येतं. पंख्याजवळ बारीक बारीक पात्या असतात, त्यांच्यातून हवा गेली की उष्णता बाहेर. किती सुरेख योजना आहे बघ! आणि आपण काय करतो, तर तो गोधडीवर ठेवतो. खालच्या चिरा बंद. हवा आत शिरायलाच जागा नाही. शिवाय गोधडीचे, रजईचे कापसाचे तंतू पंखा ओढून घेतो आणि ते त्या पात्यांवर जाऊन बसतात.

म्हणून लॅपटॉप कडक, सपाट जागेवर हवा. पाट उत्तम. चौरंगही चालेल, पण सत्यनारायणाचा घेऊ नकोस, आई ओरडेल. मागच्या दोन पायांखाली एकेक जाडसर खोडरबर किंवा सारख्या उंचीची दोन झाकणं ठेव. मागची बाजू बोटभर उचलली की खालून हवा मोकळी येते, आणि नुसत्या एवढ्यानं काही अंशांचा फरक पडलेला तू वहीत लिहिशील. मागच्या बाजूला भिंत असेल तर वीतभर अंतर सोड, नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत जाते. जमिनीवर मात्र ठेवू नकोस. फरशी गार असली तरी धूळ सगळी तिथेच असते.

झाकणं हा आपला राष्ट्रीय छंद. मिक्सरला झाकण, टीव्हीला झाकण, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. मीसुद्धा नव्या लॅपटॉपला हौसेनं क्रोशाचं कव्हर विणलं होतं आणि ते चालू मशीनवर चढवलेलंच असायचं. किती छान दिसतं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे! तुझ्या कीबोर्डवर ते पारदर्शक सिलिकॉनचं आवरण आहे ना, ते निदान उन्हाळ्यात काढून ठेव. पुष्कळ लॅपटॉपमध्ये थोडी उष्णता कीबोर्डमधूनही वर येते. खालच्या बाजूला डकवलेलं ते कडक प्लॅस्टिकचं कवचही चिरा झाकतंय का ते बघ.

स्वयंपाकघरालगतच्या डायनिंग टेबलावर बसून काम करत असशील, तर जागा बदल. फोडणीचा तेलकट धूर कुठवर जातो ते एक्झॉस्ट पंख्याची जाळी पुसताना आपल्याला कळतंच. तोच चिकटा लॅपटॉपच्या पंख्यावर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि मग ती फुंकर मारून निघत नाही. उदबत्तीच्या धुराचंही तसंच. देवघराशेजारी बसू नकोस असं मी म्हणत नाही, पण उदबत्ती लॅपटॉपच्या तोंडाशी नको.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत विचारलं होतंस. हे बघ, तुझ्या लॅपटॉपच्या हवेच्या चिरा खालच्या बाजूला असतील आणि पॅडचे पंखे नेमके त्यांच्याखाली येत असतील तर थोडा उपयोग होतो. चिरा दुसरीकडे असतील तर ते नुसतं निळे दिवे लावलेलं आसन. आधी खोडरबर लावून बघ. त्यानं भागलं तर ते पैसे वाचव.

मांडीवरून खाली ठेव म्हटलं ते फक्त लॅपटॉपसाठी नव्हतं हं. २०१० साली 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्विस डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. तो काही महिने रोज तासन्‌तास लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळायचा, आणि त्याच्या डाव्या मांडीवर तपकिरी जाळीसारखे डाग उठले. याला इरिथेमा ॲब इग्ने म्हणतात. भाजत नाही, फोड येत नाही, पण रोजच्या सौम्य उष्णतेनं कातडीचा रंग बदलतो. काश्मीरमध्ये फेरनखाली कांगडी घेऊन बसणाऱ्यांना हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वेळीच थांबलं तर डाग सहसा फिकट होत जातात, म्हणून घाबरू नकोस, पण मांडीवर असं काही दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. आणि नवऱ्यालाही सांग, सोफ्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन बसायची त्याची ती सवय सोडायला. २००५ मधल्या एका अभ्यासात २९ निरोगी पुरुषांना तासभर तसं बसवलं तर त्यांच्या अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं होतं. मूल हवंय म्हणता ना? मग टेबल वापरा दोघांनी.

आतल्या कामाकडे येऊ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलंस की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. बऱ्याचदा तो ब्राउझरच असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठला टॅब किती खातोय तेही दिसतं. साडीच्या दुकानाचा, जाहिराती नाचवणारा, गेल्या आठवड्यापासून उघडा ठेवलेला टॅब सापडला की तो बंद कर. आवडलेली साडी बुकमार्क करून ठेवता येते गं.

व्हिडिओ कॉलमध्ये मागची पार्श्वभूमी धूसर करायची सोय वापरतेस ना, म्हणजे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून? ती खूप काम लावते. दर क्षणाच्या चित्रात तू कुठे संपतेस आणि कपडे कुठे सुरू होतात हे मशीनला शोधावं लागतं. त्यापेक्षा मागे साधा पडदा लाव, किंवा भिंतीकडे पाठ करून बस. सगळ्यांचे चेहरे एकदम दाखवणारा मांडणीचा प्रकार बदलून फक्त बोलणाऱ्याचा चेहरा ठेव. जुना लॅपटॉप असेल तर यूट्यूबही ७२० वर बघ. भाजी निवडताना ऐकायला तेवढं पुष्कळ.

आता माझी आवडती युक्ती. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. तिथे १०० लिहिलेलं असेल, ते ९९ कर. एका आकड्यानं काय होणार, असं वाटेल. पण इंटेलच्या बऱ्याच मशीनवर त्यानं टर्बो बूस्ट बंद होतो, म्हणजे चिप मधूनच जी उसळी मारते ती मारत नाही. उसळी महाग असते, कारण वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग थोडा, उष्णता भरपूर. ईमेल, वर्ड, मीटिंग यात तुला तो फरक जाणवणारही नाही, पण दुपारचा आकडा लक्षात येण्याइतका खाली येईल. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, पॉवर अँड बॅटरी, आणि तिथे पॉवर मोडमध्ये बेस्ट पॉवर एफिशियन्सी निवड. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही, लेनोवो व्हँटेज असो की मायआसुस, पंख्याचे आणि शांत चालण्याचे प्रकार असतात, तेही चाळून बघ. भाचा गेम खेळायला घेत असेल तर त्याला सांग, गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम ६० वर बांध. त्याचं तोंड वाकडं होईल, होऊ दे.

व्होल्टेज कमी करायचे अंडरव्होल्टिंगचे व्हिडिओ तुला दिसतील. आत्ता त्या वाटेला जाऊ नकोस. खूप मशीनमध्ये ती सोय कंपनीनंच बंद करून ठेवलेली असते, आणि चुकीचा आकडा पडला की मशीन मध्येच बसतं. आणि काहीही चालू नसताना सीपीयू सतत ९०-१०० टक्के दिसत असेल, अनोळखी नावाचं काहीतरी वर बसलेलं असेल, तर विंडोज सिक्युरिटीनं पूर्ण स्कॅन कर. दुसऱ्याच्या मशीनवर चोरून क्रिप्टो कमावणारे प्रोग्रॅम असतात, ते असेच तापवतात. मोठ्या अपडेटनंतर एखादा दिवस पंखा जास्त ओरडला तर मात्र त्याला दोष देऊ नकोस, ते आतलं आवरणं-सावरणं असतं.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर सेटिंग्जना हात लावण्याआधी आयटीवाल्यांना कळव. अँटीव्हायरसची तपासणी रोज दुपारी बारालाच लागत असेल तर ती हलवून मागता येते. "मशीन ९७ अंशांवर जातंय" असं आकड्यासकट लिही. "खूप तापतंय हो" या तक्रारीला उत्तर येत नाही, आकड्याला येतं.

बॅटरीचं थोडं निराळं आहे. चिप ९० अंश सोसते, बॅटरी नाही. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षभर ४० अंशांत ठेवली तर तिची ताकद साधारण ६५ टक्क्यांवर येते. तीच ४० टक्के भरून त्याच तापमानात ठेवली तर ८५ टक्के उरते. म्हणजे गरम खोलीत, दिवसभर चार्जरला लावून, शंभरावर ठेवणं सगळ्यात वाईट. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते. ती आजच लाव. लोडशेडिंगची भीती वाटते मला कळतं, पण ८० टक्क्यांत मीटिंग निभते. ज्या दिवशी प्रवास असेल त्या दिवशी शंभर कर.

उन्हातून आलीस की लॅपटॉप लगेच चार्जिंगला लावू नकोस, जरा निवू दे. स्कुटीच्या डिकीत, बंद गाडीत ठेवायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही, कारण पाच मिनिटं म्हणून भाजी घ्यायला गेलेली तू अर्ध्या तासानं येतेस. आणि पिशवीत घालताना नुसतं झाकण मिटू नकोस. आजकालचे विंडोज लॅपटॉप झोपेतही इंटरनेटला जोडलेले राहतात, मध्येच जागे होतात, आणि बंद पिशवीत तापत बसतात. हायबरनेट कर किंवा शटडाउन कर. दिवा विझलाय ना ते बघ, मग चेन ओढ.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नकोस. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेना, खालची प्लेट फुगली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढ, मशीन बंद कर, दाबून सपाट करायला जाऊ नकोस, टोचू नकोस, आणि सरळ कंपनीच्या सेवा केंद्रात ने. जुनी बॅटरी कबाडीवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा हक्कानं विचार. जळका वास आला तरी असंच, मशीन बंद करून सेवा केंद्रात ने.

राहिली साफसफाई. टिश्यू पेपरची एक पट्टी गरम हवा येते त्या फटीसमोर धर. पंखा जोरात असताना पट्टी छान फडफडली तर वाट मोकळी आहे. पंखा ओरडतोय आणि पट्टी ढिम्म, तर आत धुळीचा थर आहे. मोबाइलची टॉर्च मारून बघ, कधीकधी पात्यांवर राखाडी कापूस बसलेला दिसतो. लॅपटॉप पूर्ण बंद कर, चार्जर काढ, आणि दाबलेल्या हवेच्या डब्यानं थोडं थोडं थांबून फवार. डबा उभा धर, आडवा धरलास तर गार द्रव बाहेर येतो. पंखा दिसत असेल तर दातकोरणीनं त्याचं पातं धरून ठेव, हवेनं भिरभिरू देऊ नकोस. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नकोस, त्यानं स्थिर वीज तयार होते. वर्षातून एकदा, होळीच्या आधी हे केलंस की उन्हाळ्याला सामोरं जाता येतं. दिवाळीच्या आवराआवरीत करणार असशील तरी चालेल, पण आपल्याकडे खरी परीक्षा मेमध्ये असते.

तुझा लॅपटॉप चार-पाच वर्षांचा आहे म्हणालीस. मग चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. आधी साफसफाई, मग आठवडाभर वहीतले आकडे, आणि तरीही रिकाम्या मशीनवर ७० दिसत असेल तर पेस्ट बदल. हे घरी करू नकोस. तुला जमणार नाही म्हणून नाही, पण आतल्या रिबन केबल नाजूक असतात आणि पुढच्या आठवड्यात तुझी मोठी मीटिंग आहे. वॉरंटी असेल तर कंपनीकडेच ने. संपली असेल तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे, आणि जाण्याआधी बॅकअप घे. फोटो, टॅक्सचे कागद, सासऱ्यांच्या मेडिक्लेमची फाइल, सगळं. भाव आधी ठरव. "पंखा आणि पात्या दोन्ही साफ करणार ना? मेमरीजवळचे थर्मल पॅड परत जागच्या जागी लावणार ना?" एवढे दोनच प्रश्न विचार, तो तुझ्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागेल. जमलं तर समोर बसून उघडून घे. नवी हार्ड डिस्क, जास्त रॅम असं काही गळ्यात मारायला लागला तर "आज फक्त साफसफाई" म्हणून थांबव. आणि बिल मागायला लाजू नकोस. त्यावर पेस्ट बदलल्याचं आणि तारीख लिहून घे, कारण तीन वर्षांनी ती कधी बदलली होती हे तुलाही आठवणार नाही आणि त्यालाही.